शोधनिबंधाची संदर्भसूची : नियम कोणते आणि कशासाठी

आमच्या महाविद्यालयातून एम.एस्सी. होऊन सध्या वनस्पतिशास्त्रात संशोधन करीत असलेली एक विद्यार्थिनी मध्यंतरी माझ्याकडे आली. आर्वी आणि कारंजा तालुक्यांतल्या गावांत पावसाळ्यात ज्या रानभाज्या खाल्ल्या जातात त्यांवर तिने दोन वर्षे काम केले होते. निबंध इंग्रजीतल्या एका नियतकालिकाकडे पाठविला आणि तो आठ दिवसांत परत आला. परीक्षकांपर्यंत तो गेलाच नव्हता. संपादकीय कार्यालयाने एवढेच कळविले होते की, संदर्भ आमच्या पद्धतीप्रमाणे नाहीत. दुरुस्त करून पुन्हा पाठवावा. ती म्हणाली, "सर, दोन वर्षं बांधाबांधानं फिरले ते कोणी पाहिलंच नाही. स्वल्पविराम तेवढे पाहिले."

मला माझा पहिला निबंध आठवला. तोही असाच परत आला होता. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. वडिलांना सही येत होती, आईला तीही येत नव्हती. निबंध परत का आला हे विचारायला घरात कोणी नव्हते आणि बाहेर विचारण्याची लाज वाटत होती. संदर्भ कसे द्यायचे हे मला कोणत्याही वर्गात कोणी शिकविले नव्हते. ते सर्वांना येतच असते असे धरून चालले जात होते. ज्यांच्या घरी बाप किंवा काका प्राध्यापक असतो त्यांना ते जेवता जेवता कळते. आमच्यासारख्यांना ते निबंध परत आल्यावर कळते. वारसा फक्त शेताचा आणि वाड्याचा असतो असे नाही. असल्या बारीकसारीक माहितीचाही वारसा असतो, आणि तो ज्यांच्याकडे नाही त्यांची वर्षे वाया जातात.

म्हणून ही माहिती येथे मराठीत, शक्य तितक्या साधेपणाने देत आहे. हे नियम केवळ कारकुनी आहेत असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. ते का, हेही सांगणार आहे.

१

संदर्भाची दोन अंगे असतात. निबंधात ज्या ठिकाणी आपण दुसऱ्याचे मत, मोजमाप किंवा निष्कर्ष घेतो, त्या ठिकाणची खूण हे पहिले अंग. निबंधाच्या शेवटी त्या खुणेचा पूर्ण पत्ता देणारी नोंद हे दुसरे. प्रत्येक खुणेला शेवटी नोंद हवी आणि प्रत्येक नोंदीला मजकुरात खूण हवी. न वाचलेल्या पुस्तकांची नावे यादी लांबविण्यासाठी घालणे ही लबाडी आहे आणि जाणकार परीक्षकाच्या ती लगेच ध्यानात येते.

शेवटच्या नोंदीने पाच प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. कोणी लिहिले? केव्हा प्रसिद्ध झाले? शीर्षक काय? कोठे प्रसिद्ध झाले? त्यात नेमके कोणत्या खंडात, कोणत्या पानावर? जगात संदर्भाच्या शेकडो पद्धती आहेत. पण त्या सर्वांत हीच पाच उत्तरे असतात. क्रम आणि विरामचिन्हे तेवढी बदलतात. हे एकदा समजले की भीती निम्मी होते.

विज्ञानातल्या पद्धतींचे मुख्य प्रकार दोन. पहिला लेखक-वर्ष पद्धतीचा. यात मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष देतात, व शेवटची यादी आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावतात. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगाईच्या अंड्यांवरील आपल्या निबंधात ही रीत वापरली, आणि तेथून ती रूढ झाली असे मानले जाते. हार्वर्ड पद्धत हे नाव त्यावरूनच आले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९२९ साली केवळ सात पानांच्या सूचना छापल्या. त्यांचाच विस्तार होऊन आजची एपीए पद्धत झाली. तीही लेखक-वर्ष प्रकारातलीच.

दुसरा प्रकार क्रमांकाचा. यात मजकुरात फक्त आकडा देतात. जो संदर्भ प्रथम येईल त्याला १, नंतरच्याला २, आणि तोच संदर्भ पुन्हा आला तर पुन्हा तोच आकडा. शेवटची यादी या आकड्यांच्या क्रमाने असते, वर्णानुक्रमाने नसते. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एकत्र आले आणि हस्तलिखितांसाठी त्यांनी समान नियम ठरविले. ते १९७९ साली प्रसिद्ध झाले. म्हणून या पद्धतीला व्हँकुव्हर पद्धत म्हणतात. वैद्यकातली बहुतेक नियतकालिके हीच पद्धत किंवा तिचा एखादा प्रकार वापरतात.

२

आता एक खरे उदाहरण घेऊ. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ते पंचवीस-सव्वीस वर्षांचे विद्यार्थी होते. आपल्या समाजातील संशोधकाच्या शोधनिबंधाचे यापेक्षा मोठे उदाहरण मला सुचत नाही.

लेखक-वर्ष पद्धतीने त्याची नोंद अशी होईल :

आंबेडकर, बी. आर. (१९१७). कास्ट्स इन इंडिया : देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट. इंडियन अँटिक्वेरी, ४६, पृष्ठांक.

क्रमांकाच्या पद्धतीने अशी :

१. आंबेडकर बी आर. कास्ट्स इन इंडिया : देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट. इंडियन अँटिक्वेरी. १९१७;४६:पृष्ठांक.

दोन्ही नोंदींतील फरक पाहा. पहिलीत वर्ष नावानंतर लगेच कंसात आहे, कारण मजकुरातल्या खुणेत वर्ष आहे आणि वाचक ते शोधत यादीकडे येतो. दुसरीत वर्ष मागे गेले आहे, कारण तेथे वाचक आकडा घेऊन येतो. पहिलीत आद्याक्षरांपुढे टिंबे आहेत, दुसरीत नाहीत. एपीए पद्धतीत नियतकालिकाचे नाव आणि खंडाचा आकडा तिरप्या टाइपात घेतात. क्रमांकाच्या पद्धतीत सहसा साधाच टाइप असतो. क्रमांकाच्या पद्धतीत लांब नावे ठरलेल्या संक्षेपाने देतात : 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' हे 'एन इंग्ल जे मेड' होते. 'नेचर' किंवा 'सायन्स' अशी एकाच शब्दाची नावे मात्र तोडत नाहीत. संक्षेप ठरलेल्या यादीतलाच घ्यावा, मनाने करू नये. १२३ ते १२९ ही पाने या पद्धतीत १२३-९ अशी लिहितात. लेखक सहापेक्षा अधिक असतील तर पहिल्या सहांची नावे देऊन पुढे 'व इतर' या अर्थाचा लॅटिन संक्षेप देतात. एपीएच्या सध्याच्या आवृत्तीत वीस लेखकांपर्यंत सर्वांची नावे येतात.

वरच्या नोंदींत पृष्ठांकांची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ती मूळ अंक उघडून भरावयाची. असे का म्हणतो, ते याच निबंधाच्या उदाहरणावरून कळेल.

या निबंधाचा संदर्भ देताना अनेक ठिकाणी 'इंडियन अँटिक्वेरी, खंड ४१, मे १९१७' असे छापलेले आढळते. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही ४१ च येतो. आता साधा हिशेब करा. 'इंडियन अँटिक्वेरी'चा पहिला खंड १८७२ सालचा. वर्षाला एक खंड. म्हणजे ४१वा खंड १९१२ सालचा ठरतो. १९१७ सालचा खंड ४६वा. मग ही चूक आली कोठून? खंडाचे आकडे रोमन अंकांत छापत. रोमन अंकांत ४६ लिहिताना 'एक्स, एल, व्ही, आय' अशी चार अक्षरे येतात. मधला 'व्ही' गळला की ४१ उरतो. कधीतरी कोणाच्या तरी हातून हा 'व्ही' गळला असावा. पुढच्यांनी मूळ अंक न पाहता आधीच्याची नोंद उतरवून घेतली, त्याच्या पुढच्यांनी यांची.

बाबासाहेबांवर अपार श्रद्धा असणाऱ्यांनीही हा आकडा तसाच उतरविला. श्रद्धेने आकडा दुरुस्त होत नाही. त्यासाठी अंक उघडावा लागतो. येथे संदर्भाचा पहिला मोठा नियम येतो : दुसऱ्याच्या यादीतून नोंद उचलू नये. जे हातात धरून वाचले तेच नोंदवावे.

यावर कोणी म्हणेल, खेड्यातल्या महाविद्यालयात १९१७ चा अंक कोठून आणावा? बरोबर आहे. मग आपण जे खरोखर वाचले त्याची नोंद द्यावी. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड १९७९ साली आला. त्यात हा निबंध आहे. तो तेथे वाचला असेल तर लेखक आंबेडकर, संपादक मून, वर्ष १९७९, आणि मूळ प्रसिद्धी १९१७ असे प्रामाणिकपणे लिहावे. यात कमीपणा काहीही नाही. जुन्या अंकाचे न पाहिलेले पान पाहिल्यासारखे दाखविण्यात मात्र आहे. एखाद्याचे मत दुसऱ्याच्या पुस्तकातच वाचले असेल, तर मजकुरात 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असे म्हणून यादीत त्या दुसऱ्या पुस्तकाचीच नोंद करावी.

३

संदर्भ नसले तर काय होते, याचेही एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे.

'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. बाबासाहेब संदर्भांच्या बाबतीत किती काटेकोर होते हे १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ आणि १९४८ चा अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ पाहिला की कळते. पण बुद्धावरचा हा ग्रंथ सामान्य माणसाने सलग वाचावा अशा रीतीने रचलेला आहे. त्यात कोणता भाग कोणत्या सुत्तातून घेतला हे पानोपानी दिलेले नव्हते. १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आपण अनेक ग्रंथांतून साहित्य गोळा केल्याचे सांगून त्यांनी अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चा खास उल्लेख केला होता. पण ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. टीकाकारांना आयती संधी मिळाली. हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा आहे, असे म्हणणारे पुढे आले.

हे उत्तर देण्याचे काम भदंत आनंद कौसल्यायन यांनी केले. वर्ध्याच्या लोकांना हे नाव परके नाही. पंजाबात जन्मलेले हे भिक्खू वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम बरीच वर्षे पाहत होते. जातककथांचे हिंदी भाषांतर त्यांनी सहा खंडांत केले. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना त्यांनी पाली वाङ्मय चाळून मूळ आधार शोधले आणि ते वाचकांपुढे ठेवले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात घालविली. १९८८ साली ते गेले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या मालेतही या ग्रंथाच्या पाली व इतर आधारांची सूची अकराव्या खंडाला पूरक म्हणून वेगळी प्रसिद्ध झाली.

हे काम म्हणजे काय होते? प्रत्येक उताऱ्यामागे मागे जात तो कोठून आला हे शोधणे. आता कोणीही वाचक मूळ सुत्त काढून शेजारी ठेवू शकतो. बाबासाहेबांनी काय जसेच्या तसे घेतले, काय निवडले, काय सोडले आणि नवा अर्थ कोठे दिला, हे त्याला स्वतःला पाहता येते. टीकाकाराच्या आरोपाला संतापाने उत्तर देण्यापेक्षा हे उत्तर कितीतरी भक्कम आहे. मात्र लेखकाने एका ओळीत जे नोंदविले असते, ते नंतरच्याला शोधून काढण्यासाठी वर्षे लागतात. बाबासाहेबांना मृत्यूने वेळ दिला नाही. आपल्याला तशी सबब नाही.

याच अनुषंगाने एक व्यावहारिक सूचना. पाली ग्रंथांचा संदर्भ पृष्ठांकाने देण्यापेक्षा निकाय आणि सुत्ताच्या क्रमांकाने द्यावा. कालामांना दिलेला उपदेश अंगुत्तर निकायात ३.६५ येथे आहे असे लिहिले, की वाचकाकडे कोणतीही आवृत्ती असो, ते सुत्त त्याला सापडते.

४

आता नावांविषयी. आपल्या मुलांचा सर्वांत अधिक गोंधळ येथेच होतो.

मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. यादीत आडनाव पुढे येते आणि बाकीच्यांची आद्याक्षरे मागे जातात. भीमराव रामजी आंबेडकर हे 'आंबेडकर बी आर' होतात. भिक्खूंना आपल्यासारखे आडनाव नसते. पण ज्या नावाने ते ओळखले जातात ते पुढे घ्यावे, म्हणजे 'कौसल्यायन, आनंद'. 'भदंत' ही उपाधी आहे, ती यादीत येत नाही. डॉ., प्रा., ॲड. यांपैकीही काहीच येत नाही.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, बाबासाहेबांना नुसतं 'आंबेडकर बी आर' लिहायचं? हात धजत नाही." त्याची भावना मला कळते. मी त्याला म्हटले, तू पुढची नोंदही वाच. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे या यादीत 'काणे पी व्ही' एवढेच उरतात. येथे पंडितही नाही, शास्त्रीही नाही, आचार्यही नाही. ज्याच्या-त्याच्या पुढे त्याने काय लिहिले एवढेच आहे. आपल्या देशात माणसे ज्या ज्या ओळींत उभी केली जातात, त्यांपैकी फार थोड्या ओळी अशा आहेत. वर्णानुक्रमाने लावलेल्या यादीत काणे यांच्या आधी आंबेडकर येतात, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या स्वतःच्या नावाचीही काळजी घ्या. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि पदवीवर तिसरे अशी रोमन लिपीतली तीन रूपे आपल्याकडे सर्रास असतात. कित्येक घरांनी आडनावे बदलली आहेत. मुलींची नावे लग्नानंतर बदलतात. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानातील संदर्भांची निर्देशसूची काढली तेव्हापासून कोणाचा निबंध किती जणांनी आधाराला घेतला हे मोजले जाऊ लागले. आता ते काम यंत्रे करतात. तीन स्पेलिंगांची एक व्यक्ती यंत्राच्या लेखी तीन माणसे होते, आणि तुमचे श्रम तिघांत वाटले जातात. म्हणून पहिल्या निबंधापासून नावाचे एकच रूप ठरवावे. २०१२ पासून 'ऑर्किड' या नावाने संशोधकाला सोळा अंकी ओळख-क्रमांक फुकट मिळतो. तो पहिल्याच दिवशी घ्यावा. नाव बदलले तरी तो बदलत नाही.

मराठी पुस्तकाचा किंवा विश्वकोशातील नोंदीचा आधार घेतला असेल तर तो लपवू नये. इंग्रजी पुस्तकेच तेवढी विद्वत्तेची, असा समज करून मुले मराठी आधार गाळतात. मराठी शीर्षक रोमन लिपीत द्यावे आणि त्यापुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यावा. एपीए पद्धतीत याची रीतसर सोय आहे.

५

येथवर छापील आधारांचे झाले. त्या विद्यार्थिनीच्या निबंधात मला जे खटकले ते वेगळेच होते.

तिच्या कोष्टकात तरोटा होता. पहिल्या पावसानंतर बांधाबांधावर उगवणारी ही वनस्पती. कोवळ्या पाल्याची भाजी आपल्यापैकी बहुतेकांनी खाल्ली आहे. तिचे शास्त्रीय नाव तिने बिनचूक लिहिले होते : 'सेना टोरा (एल.) रॉक्सब.' यातला 'एल.' म्हणजे लिनियस. त्याने १७५३ साली हिला 'कॅसिया टोरा' म्हटले. 'रॉक्सब.' म्हणजे विल्यम रॉक्सबर्ग. त्याने हिला 'सेना' या प्रजातीत घातले, म्हणून पहिल्या नामकर्त्याचे नाव कंसात गेले. पावणेतीनशे वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये ज्याने या रोपाला नाव दिले त्याची नोंद आजही रोपाच्या नावाला चिकटून आहे. विज्ञान श्रेयाच्या बाबतीत इतके जागरूक आहे.

आणि त्याच कोष्टकात, पाला केव्हा खुडायचा, किती उकळायचा, कोणते पाणी टाकून द्यायचे, या माहितीपुढे लिहिले होते : 'स्थानिक लोकांकडून'.

मी विचारले, "हे स्थानिक लोक म्हणजे कोण?"

ती म्हणाली, "सर, एक आजी आहेत. मजुरीला जातात. बरंचसं त्यांनीच सांगितलं."

"त्यांचं नाव का नाही?"

"त्या काही लेखक नाहीत ना सर."

हाच प्रश्न आहे. आपल्या आया-आज्यांनी रान ओळखले, बी राखले, कोणता पाला विषारी आणि कोणता पोटात चालतो हे उपाशीपोटी शिकून घेतले. ते ज्ञान निबंधात येते तेव्हा त्यांचा 'लोक' होतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला इतिहासात नाव नव्हते, ही तक्रार आपण पन्नास वर्षे करीत आहोत. मग आपल्याच मुलीच्या निबंधात आपल्याच आजीचे नाव का नसावे?

नियमही येथे आडवे येत नाहीत. तोंडी मिळालेल्या माहितीला 'वैयक्तिक संवाद' म्हणतात. एपीए पद्धतीत ती शेवटच्या यादीत येत नाही, पण मजकुरात व्यक्तीचे नाव आणि तारीख द्यावीच लागते. वैद्यकीय संपादकांचे नियम सांगतात की छापील आधार मिळण्याजोगा असेल तर असा संदर्भ टाळावा. पण माहिती आवश्यक असून अन्यत्र मिळत नसेल, तर कंसात नाव आणि तारीख द्यावी व त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी. यापुढेही काम झाले आहे. कॅनडातील आदिवासी समाजातल्या ग्रंथपाल लोरीशा मॅक्लाउड यांनी तेथील ज्ञानी वडीलधाऱ्यांचा संदर्भ पुस्तकाच्या तोडीने शेवटच्या यादीत कसा द्यावा याचे नमुने तयार करून ते २०२१ साली प्रसिद्ध केले. त्यात व्यक्तीचे नाव, तिचा समाज, ती कोठे राहते, विषय आणि तारीख यांना जागा आहे. संपादकाला पत्र लिहून असा नमुना वापरण्याची परवानगी मागता येते.

विद्यार्थिनी पुन्हा त्या गावी गेली. मीही सोबत होतो. आजींना संमतीचा कागद वाचून दाखविला. त्या हसल्या. म्हणाल्या, "माह्यं नाव कायले पायजे बाई? मी का शिकलेली हाय?" मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "बापाचं नाव लावतं का नवऱ्याचं?" त्यांनी सांगितले तसे नाव लिहिले आणि अंगठा घेतला. संमती निबंधापुरती घेतलेली असल्याने ते नाव मी येथे देत नाही. निबंधात ते आहे. एखाद्या व्यक्तीला नाव द्यायचे नसेल तर तोही तिचा हक्क आहे. पण न विचारता गाळणे हा आपला हक्क नाही.

६

शेवटी, निबंध पाठविण्यापूर्वी काय काय करावे, ते सांगतो.

नियतकालिकाच्या 'लेखकांना सूचना' पूर्ण वाचा. त्यावर विसंबून न राहता त्याच नियतकालिकातला अलीकडचा एखादा निबंध समोर ठेवा आणि त्याची यादी टिंब-टिंब पाहून आपली यादी तिच्याशी ताडा. वाचन सुरू कराल त्याच दिवशी नोंद करा. पान, खंड, वर्ष लगेच लिहा. नंतर शोधू म्हटलेले सहसा सापडत नाही. 'झोटेरो' हा संगणकीय कार्यक्रम २००६ पासून फुकट मिळतो. त्यात नोंद एकदा नीट भरली की हव्या त्या पद्धतीत यादी निघते, आणि एका नियतकालिकाने निबंध नाकारला तर दुसऱ्यासाठी यादी पुन्हा लिहावी लागत नाही. पण चुकीची नोंद भरली तर तो चुकीचीच यादी सुबक काढून देतो. ४१ चा ४६ तो करणार नाही.

अलीकडच्या निबंधांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. संकेतस्थळ बदलले तरी तो बदलत नाही. असेल तेथे तो द्या आणि उघडून खात्री करा. हल्ली यंत्राला विचारून तयार केलेल्या याद्या मुले घेऊन येतात. त्यांत लेखक खरा असतो, नियतकालिक खरे असते, आणि निबंध मात्र जगात कोठेच नसतो. असा एक जरी संदर्भ सापडला तरी संपादक बाकीच्या कामावरही विश्वास ठेवणार नाही. आपल्या मुलांवर तर आधीच संशय घ्यायला लोक टपलेले असतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंधातले दुसऱ्याच्या मजकुराशी असलेले साम्य तपासतात. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची आणि योग्य श्रेय देऊन घेतलेले उतारे या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे श्रेय नीट देणे हेच मुलांचे पहिले संरक्षण आहे.

मी वर म्हटले की हे नियम मला कारकुनी वाटत नाहीत. कारण असे की, ज्याच्या मागे घराणे नाही, ओळख नाही, मोठ्या गुरूचे नाव नाही, त्याने केलेले विधान लोकांनी कशाच्या बळावर मानावे? "मी सांगतो म्हणून माना" असे म्हणण्याची सोय आपल्याला कधीच नव्हती. आपण एवढेच म्हणू शकतो : हा आधार, हे पान, तुम्हीच उघडून पाहा. शास्त्रप्रामाण्याच्या विरुद्ध उभे राहिलेल्या माणसाला हीच भाषा शोभते. संदर्भसूची ही त्या भाषेतली अगदी साधी गोष्ट आहे.

त्या मुलीने निबंध दुरुस्त करून पुन्हा पाठविला आहे. या वेळी तो परीक्षकांकडे गेला आहे. त्यांचे मत काय येईल ते त्यांच्यावर आणि तिच्या कामावर अवलंबून आहे. निदान स्वल्पविरामावर तो अडणार नाही. आपल्या गावोगावच्या महाविद्यालयांत शिकविणाऱ्या मित्रांना माझी विनंती एवढीच आहे की, वर्षातली एक दुपार काढून मुलांना घेऊन बसा आणि एकच नोंद दोन पद्धतींनी फळ्यावर लिहून दाखवा. आपल्याला ते कोणी दाखविले नव्हते.